भाषेचं मॅन्युअल आणि सावडीची यादी

घरात नवा मिक्सर आला तेव्हा तो दोन दिवस खोक्यातच होता, कारण मी त्याचं माहितीपत्रक वाचत होतो. बायकोने तोवर पाट्यावर चटणी वाटली आणि वाटताना जे बोलायचं ते बोलून घेतलं. माझा स्वभावच तसा. खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढली, आणि तिथे आमच्या खात्यात एक नियम होता: बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय मशीन पुन्हा चालू करायचं नाही. ठोकून-ठाकून चालू करणारे लोक मला कधी आवडले नाहीत. मशीनचं मॅन्युअल उघडायचं, पान काढायचं, वाचायचं, मगच पाना हातात घ्यायचा. माणसाने असंच जगावं असं माझं मत होतं. आता ते मत आहे की नाही, हे मला नीट सांगता येत नाही.

मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो. शेत आहे, पण ते वर्षभर पुरेल इतकं काम देत नाही. मुलगी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तिने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि म्हणाली, बाबा, प्रोग्रामिंग शिका, तुम्हाला जमेल. शिकायला म्हणून तिने व्हिडिओ पाठवले. व्हिडिओतला माणूस सारखा हसत होता आणि सारखा "आता फक्त एवढं टाइप करा" म्हणत होता. का टाइप करायचं ते सांगत नव्हता. तिसऱ्या व्हिडिओला मी वैतागलो आणि तिला फोन करून सांगितलं, मला ह्या भाषेचं मूळ मॅन्युअल पाहिजे, जे ती भाषा करणाऱ्यांनी स्वतः लिहिलंय ते.

"बाबा, ते रेफरन्स मॅन्युअल आहे," ती म्हणाली. "ते वाचायचं नसतं. अडलं की त्यात बघायचं असतं."

"कुठे अडलंय ते कळायला आधी वाचायला नको का?"

शेवटी ती म्हणाली, पाठवते.

ते मी कर्जतला जाऊन छापून घेतलं. दहिवलीकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदाराने पानांचा आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, परीक्षा देताय का कुठली?" मी म्हटलं, नाही, घरी वाचायला. त्याने पुढे काही विचारलं नाही. दोन जाड भाग झाले, दोन्हीला स्पायरल घातली. कशेळ्याच्या जीपमध्ये ते मांडीवर घेऊन आलो. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं मी जमिनीच्या केसचे कागद घेऊन चाललोय. त्यांनी मला सबंध रस्ताभर आपली केस सांगितली.

वाचायला बसलो आणि पहिल्या दहा पानांत डोकं गरगरलं. इंग्रजी मला येतं, कारखान्यातली मॅन्युअलं इंग्रजीच होती. पण त्या मॅन्युअलांत बोल्ट म्हणजे बोल्ट असायचा, चित्रात बघता यायचा, हातात धरता यायचा. इथे एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दात सांगितलेला, आणि दुसरा शब्द शोधायला जावं तर तिथे पहिला हजर. आमच्या गावात नवख्याने घर विचारलं की लोक सांगतात, "त्या पिवळ्या घराच्या समोर." पिवळं घर कुठे विचारलं की सांगतात, "ह्यांच्या समोरच की." तशी गत. तरी मी सोडलं नाही. रोज सकाळी चहा झाला की ओटीवर बसायचं, पाच पानं वाचायची, पेन्सिलने रेघा मारायच्या. बायको म्हणायची, "पोथी लावलीय का?" मी म्हणायचो, हो.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. अधूनमधून त्यात एखादं वाक्य असं सापडायचं की त्यात एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. समजलं नाही तरी ते खरं आहे एवढं समजायचं. व्हिडिओतल्या हसऱ्या माणसावर माझा तेवढा विश्वास कधीच बसला नाही.

मग शून्य आलं. ह्या भाषेत नावांची यादी केली तर यादीतल्या पहिल्या नावाचा नंबर शून्य. दोन दिवस माझं गाडं तिथेच अडलं. पहिला असेल तर तो एक. शून्य म्हणजे काहीच नाही. समोर एक माणूस उभा आहे आणि त्याला तुम्ही 'काहीच नाही' म्हणता, हे कुठलं शहाणपण? मॅन्युअल त्यावर वाद घालत नव्हतं. असं आहे, एवढंच सांगून पुढे गेलेलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या माळ्यावरून भात काढत होतो. बायको पायलीने मोजत होती आणि मोजताना म्हणत होती, "लाभ, दोन, तीन, चार…" आमच्याकडे धान्याच्या पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या आईनेही तसंच मोजलं, सगळेच तसं मोजतात. मी हातातलं पोतं तसंच धरून उभा राहिलो. पहिला असतो, पण त्याला एक म्हणायचं नाही, त्याला वेगळं नाव द्यायचं. म्हणजे त्या भाषेचं शून्य म्हणजे आपलं लाभ! इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. मुलीला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं. ती मीटिंगमध्ये होती. "हो बाबा, तसंच काहीतरी," म्हणाली आणि फोन ठेवला. मी मॅन्युअलच्या त्या पानावर शून्याच्या बाजूला पेन्सिलने 'लाभ' लिहून ठेवलं.

आता सावडीचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

आमच्या वाडीत अकरा घरांची सावड आहे. भातलावणीला मजूर लावायचे नाहीत, सगळ्या घरांनी मिळून एकेका घराचं शेत लावायचं. आज तुमचं, उद्या त्याचं, परवा माझं. पाळी पाण्याने ठरते. सगळ्यात वरच्या खाचरातून पाणी खाली उतरतं, म्हणून वरचं घर पहिलं, त्याच्या खालचं दुसरं, असं करत ओढ्यालगतचं अकरावं. त्या हिशेबाने प्रत्येक जण आपलं रोप आधी किंवा उशिरा टाकतो. रोपाची मुदत टळली की ते पिवळं पडतं, पुढे त्याला फुटवे कमी येतात.

पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं. आता निम्मी माणसं खालापूरच्या कारखान्यांत शिफ्टला, काही कर्जतला दुकानांत. कुणाची रजा कधी, कुणाची सुट्टी कधी, ह्यावर गावाच्या ग्रुपवर एवढे मेसेज पडायचे की वाचता वाचता लावणी उरकावी. तेव्हा मीच म्हटलं, ह्या वर्षी यादी मी करतो, कॉम्प्युटरवर. कोणत्या दिवशी कोणाचं शेत आणि त्या दिवशी कोण कोण कामाला मोकळं, सगळं एका कागदावर.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती. माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो, सात वर्षांनी सावडीत परत आला होता. सात वर्षांपूर्वी त्याने रस्त्याकडेची पट्टी एका बंगलेवाल्याला विकली. ती माझ्या खाचराला लागून नव्हती, माझं काही बिघडलं नव्हतं. पण मला न विचारता विकली म्हणून मला राग आला आणि मी चारचौघांत नको ते बोललो. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. तो सावडीतूनही गेला, दरवर्षी मजूर आणून लावणी करायचा. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. हे मी कोणाजवळ बोलत नसे, पण त्याच्या दारावरून जाताना माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची आणि ते मला टोचायचं. त्या वर्षी देवळात सावडीची बैठक बसली होती, तिथे तो आपणहून आला. खांबाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा आमालाबी घ्या." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या की." एवढंच. सात वर्षांत मी त्याच्यासमोर बोललेले ते दोन शब्द. घरी आल्यावर मी बायकोला दोनदा सांगितलं की मी 'घ्या की' म्हटलं.

त्याचं खाचर वरच्या घराच्या खाली. म्हणजे त्याची पाळी दुसरी.

प्रोग्राम लिहायला मला आठ दिवस लागले. अकरा घरांची यादी केली, पाण्याच्या क्रमाने. मग मशीनला सांगितलं, आधी शून्य नंबरचं घर छाप. ते झालं लाभ. मग दोनपासून पुढे छापत जा. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की शेवटचा म्हणून जो आकडा द्याल तो धरला जात नाही, त्याच्या आधीचा धरला जातो. म्हणून मी दोनपासून बारापर्यंत सांगितलं, म्हणजे अकरा येईल. मशीनने दहा घरं छापली आणि मग चूक दाखवली: मागितलेला नंबर यादीच्या बाहेर आहे. मी गोंधळलो. अकरा घरं आहेत, अकरा नंबर बाहेर कसा? पुन्हा मॅन्युअल काढलं. शेवटचा धरला जात नाही, ते वाक्य पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. म्हटलं, आपण उगीच बारा लिहून जास्तीचा शहाणपणा केला असणार. बाराचे अकरा केले. चूक गेली. यादी सुरेख छापून आली.

मी वर बघितलं, वरचं घर वर होतं. खाली बघितलं, ओढ्यालगतचं घर खाली होतं. जीव भांड्यात पडला. सोमवारी सुरुवात होती आणि काम दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी संपेल असं आमचा अंदाज सांगत होता. यादी बुधवारी संपत होती. मला वाटलं मशीनने आपला एक दिवस वाचवला. हे मी बायकोला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

यादी ग्रुपवर टाकली. दोघातिघांनी अंगठे पाठवले. बाकी कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, यादी इतकी स्वच्छ आहे की बोलायला जागाच नाही.

सोमवारी वरच्या घराचं शेत लागलं. मंगळवारी तिसऱ्या घराचं. तिसऱ्या घराचं कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मी यादीत बघितलं, कागदावर होतं तिथे गेलो. सव्वीस वर्षं कागदावर असेल तिथे जायची सवय. दादा आणि वहिनी दोन्ही दिवस होते. सात वाजता सगळ्यांच्या आधी बांधावर. दादा माझ्याशी बोलला नाही, पण मंगळवारी जेवायला बसताना त्याने तांब्या माझ्याकडे सरकवला. मी दिवसभर त्या तांब्याच्या आनंदात होतो.

बुधवारी दुपारी वरच्या घरातल्या काकू माझ्या शेजारी बांधावर पाय धुवत होत्या. मला म्हणाल्या, "काय रं, तुज्या भावाचं रोप पिवळं पडाय लागलं. असं नाय करू."

"त्याची पाळी…" मी म्हटलं आणि थांबलो. हात पुसून फोन काढला. यादी उघडली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग बोटाने मोजली. दहा घरं. दादाचं घर त्यात नव्हतं. पण 'कामाला मोकळे' ह्या रकान्यात रोज होतं. दहाच्या दहा दिवस. म्हणजे मी त्याला सगळ्यांच्या शेतावर राबायला लावलं होतं आणि त्याच्या शेतावर कोणालाही पाठवलं नव्हतं.

"आमाला वाटलं तुजा राग हाय अजून," काकू म्हणाल्या. "भावाभावांत कोण पडणार, म्हणून कोण बोललं नाय."

म्हणजे दहा घरांनी ती यादी बघितली होती, वाचली होती, आणि सगळ्यांना ती बरोबर वाटली होती. त्यांच्या डोळ्यांपुढचा मी असा होतो की हे त्याने मुद्दाम केलं असणार.

त्याच क्षणी चार खाचरं ओलांडून दादाकडे जायला हवं होतं. तो समोर दिसत होता, पाठ वाकवलेली. पण जाऊन काय सांगणार? चूक झाली. कशी झाली? माहीत नाही. यादीत त्याचं नाव मी स्वतः टाइप केलं होतं, ते आठवत होतं. मग ते गेलं कुठे? कारण माहीत नसताना 'चूक झाली' म्हणणं म्हणजे थाप मारल्यासारखंच, आणि सात वर्षांनंतर त्याने ती थापच समजली असती. असा मी विचार केला. आता तो विचार मला विचार वाटत नाही, पळवाट वाटते. पण तेव्हा तो अगदी नियमाला धरून वाटला होता.

घरी जाऊन दोन्ही भाग उघडले. बायको विचारायला आली, तिला सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

"मला वाटलं तुम्ही मुद्दामच केलं," ती म्हणाली.

"तुलासुद्धा?"

"यादी आली त्या दिवशीच बघितलं मी. म्हटलं, आता ह्यांना काय बोलायचं."

मी तिच्यावर चिडलो. फार चिडलो. आणि चिडता चिडता मला एक भलतीच भीती वाटली. मॅन्युअलच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली होती: मशीन आपल्या मनाने काही करत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच करतं. मग हे मी सांगितलं होतं का? अकरा घरांतून नेमकं तेच घर कसं गळलं? माझ्या हातांनी मला न सांगता काही केलं होतं का? मी प्रोग्राम ओळीओळीने वाचला. सगळं ठीक होतं. लाभ, मग दोन, तीन, चार. बायको आमचं भात मोजते तसंच. कुठे काही चुकलेलं दिसेना. अंधार पडला तेव्हा बायकोने मॅन्युअल उचलून कपाटावर ठेवलं.

गुरुवारी यादीप्रमाणे माझी पाळी होती. मी पहाटेपासून दाराकडे डोळे लावून होतो. दादा येणार नाही, असं मला वाटत होतं. येऊ नये, असंही वाटत होतं. तो आला. सातला पाच मिनिटं कमी होती. मागून वहिनी. त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाण्यात उतरला आणि म्हणाला, "पानी जास्त हाय रं. वरचा बांध थोडा फोड." मी बांध फोडला. पाणी उतरलं. मग सगळे ओळीने उभे राहिले आणि कसं कोण जाणे, मी त्याच्या शेजारी आलो.

दिवसभर आम्ही हाताला हात लागेल इतक्या जवळ वाकून होतो. त्याच्या ओळी लहानपणापासून सरळ. माझ्या वाकड्या जात होत्या, तो न बोलता मी लावलेला रोपांचा एखादा चूड उपटून सरळ लावत होता. मी दहा वेळा बोलायला तोंड उघडलं असेल. प्रत्येक वेळी मनात यायचं, संध्याकाळपर्यंत कारण सापडेल, मग पक्कं सांगू. माझं शेत तीन वाजता लागून झालं. वहिनींनी चहा घेतला, "येतो," म्हणाल्या आणि दोघं गेली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला कारण सापडलं. मॅन्युअलमध्ये एक लहानसं चित्र होतं. एका शब्दाची अक्षरं चौकटींत मांडलेली आणि प्रत्येक चौकटीखाली तिचा नंबर. ह्याच पानावर मी शून्याच्या बाजूला 'लाभ' लिहिलं होतं, आणि लाभ लिहिण्याच्या आनंदात शेजारची चौकट कधी बघितलीच नव्हती. शून्याच्या शेजारी एक होता. दोन नव्हता, एक होता. त्या भाषेत दुसऱ्याला एक म्हणतात. आमच्याकडे लाभनंतर दोन येतात, एक कधी उच्चारलाच जात नाही, म्हणून मी तो मशीनलाही उच्चारू दिला नाही. दादाचं घर त्या एकवर बसलेलं होतं, आणि मी लाभावरून थेट दोनवर उडी मारली होती. शेवटी चूक आली, ती मला हेच ओरडून सांगत होती, आणि मी बाराचे अकरा करून तिचं तोंड बंद केलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी ओटीवर एकटाच हसलो. म्हणजे मी मुद्दाम केलं नव्हतं. छापील पुरावा होता.

शुक्रवारी उजाडताच मॅन्युअलचा पहिला भाग पिशवीत घालून दादाकडे गेलो. सात वर्षांनी त्याच्या दारात. तो घरात नव्हता. वहिनी नव्हत्या. दोघं त्यांच्या खाचरात होते. सावडीच्या कामाला जायच्या आधी, उजेड फुटल्यापासून, दोघंच आपलं शेत लावत होते. एक कोपरा लागला होता. रोज सकाळी तासभर लावत असणार. बांधावर रोपाच्या मुठी पडल्या होत्या, टोकं पिवळी झालेली.

मी बांधावर उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. पुस्तक उघडून चित्र दाखवलं. शून्य सांगितलं, लाभ सांगितलं, एक कसा राहिला ते सांगितलं. मशीनने चूक दाखवली होती आणि मी ती कशी दडपली, तेही सांगितलं. खूप बोललो. वहिनी कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. दादाने मात्र सगळं नीट ऐकलं. तो कमी शिकलेला, पण हिशेबाला पक्का. चित्राकडे बघून म्हणाला, "म्हंजे लाभ, मंग एक. बरूबर. त्यात तुजी चूक नाय. मीबी दोनच म्हटलं असतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुस्तक मिटलं.

मग त्याने विचारलं, "आमचं घर नाय यादीत, हे कदी कळलं तुला?"

"बुधवारी," मी म्हटलं. "दुपारी."

त्याने बोटांवर दिवस मोजले.

"म्हंजे काल मी दिसभर तुज्या शेजारी वाकलो व्हतो, तवा तुला म्हायीत व्हतं."

मी हो म्हटलं.

तो खाली वाकला आणि लावायला लागला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग त्याही वाकल्या. मी पुस्तक घेऊन तिथेच उभा होतो. एक कसा गळला, ह्याचं उत्तर माझ्याजवळ पान क्रमांकासकट होतं. त्याने विचारलं ते दुसरंच होतं.

यादी मी त्याच सकाळी दुरुस्त केली. चूक माझी होती आणि कशी झाली, ते ग्रुपवर लिहिलं. शनिवारी दादाचं शेत लावायचं ठरलं. सगळी घरं आली, रजा नसलेलेही आले. रोप उशिराचं होतं म्हणून जरा दाट लावलं. चहा आला तेव्हा वहिनींनी मलाही दिला. दादा माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता, आणि मी सरकत त्याच्या बाजूला गेलो की थोड्या वेळाने तो दुसऱ्या टोकाला असायचा.

संध्याकाळी सगळे पाय धुऊन निघाले. तो माझ्या जवळून गेला, न थांबता म्हणाला, "पुढल्या सालीबी यादी तूच कर."

ह्याला आता बरेच महिने झाले. भात कापून झालं. मी मॅन्युअलचा दुसरा भाग वाचायला घेतलाय, प्रोग्राम पहिल्यापेक्षा चांगले जमतात, मुलगी कौतुक करते. दादाचं ते वाक्य मी मनात कितीदा उलटसुलट करून बघितलं. कधी वाटतं त्याने माफ केलं. कधी वाटतं टोमणा होता. कधी वाटतं, त्याला फक्त यादीबद्दलच म्हणायचं होतं, यादी सुरेख होती. त्याचं घर इथून चार खाचरं पलीकडे आहे, ओटीवर बसलं की त्याचा दिवा दिसतो. त्याला विचारायला मी अजून गेलेलो नाही.